मॉनिटर झोपतो, पण लगेच उठतो का?

मे महिना, नागपूरची रात्र, खोलीत कूलर सुरू. सकाळी पेपर आहे. लिनक्सच्या लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर बंद होतो अन् दहा सेकंदांत पुन्हा लख्ख! झोपेचं खोबरं. आज यावरच बोलू.

संशयित मुख्यतः दोन. पहिला माऊस. कूलरच्या थरथरीनं टेबल हलतं, माऊस केसभर सरकतो, लिनक्सला वाटतं तुम्ही आलात. माऊस काढून बघा. मॉनिटर झोपून राहिला? मग टेबल कूलरपासून लांब सरकवा.

दुसरा संशयित खुद्द मॉनिटर. डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर झोपताना केबल काढल्यासारखं भासवतात. लिनक्स स्क्रीनची मांडणी नव्यानं करतं, त्यात मॉनिटर जागा होतो. टर्मिनलमध्ये ‘यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर’ ही कमांड सुरू ठेवा अन् स्क्रीन बंद होऊ द्या. त्याच वेळी ‘डीआरएम’ लिहिलेली ओळ उमटली, तर संशय पक्का. मॉनिटरच्या मेनूत ऑटो इनपुट अन् डीप स्लीप असेल तर दोन्ही बंद करा. तरी जमलं नाही, तर एचडीएमआय केबल लावून बघा.

फक्त एका वेळी एकच बदल करा, नाहीतर चोर कोण ते कळणारच नाही. चला, झोपा आता!