माती आणि धातू – लेखांक ७ : शेणखत आणि क्रोमियम

लाकडी कोळशाच्या भुकटीविषयी या आठवड्यात लिहिण्याचे कबूल केले होते. परंतु चुन्यावरील लेखांक वाचून एका बागाईतदार वाचकांनी पाठविलेला प्रश्न इतका मर्माचा आहे, की भुकटीला पुढील लेखांकापर्यंत थांबावे लागेल. शिसे आणि कॅडमियम यांना चुना व शेणखत या दोहोंनी आवर बसतो, तर कानपुराकडील क्रोमियमने नासलेल्या जमिनींना हीच तजवीज लागू पडेल काय, असे ते विचारतात. शेणखत लागू पडेल, आणि शिशापेक्षाही अधिक गुणकारी ठरेल. चुन्याची मात्र तेथे अडचणच होईल.

कानपुराच्या जाजमऊ भागात, अगदी गंगेकाठी, कातडी कमावण्याचे कारखाने दाटीने वसले आहेत. गंगा कृती योजनेतून हॉलंडच्या साहाय्याने तेथे दररोज ३ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र १९९४ साली उभे राहिले, आणि त्यातून निघणारे पाणी शहराच्या इतर पाण्यात मिसळून शेखपूर, मोतीपूर यांसारख्या गावांच्या शेतीस मिळू लागले. कातडी कमावण्याचे क्षार त्रिसंयुजी क्रोमियमचे असतात. ते मातीत हायड्रॉक्साइड होऊन जागच्या जागी बसते आणि पिकांच्या मुळांत फारसे शिरत नाही. खरा घातक तो षट्संयुजी प्रकार, जो हे क्षार तयार करणाऱ्या कारखान्यांच्या गाळात असतो आणि कानपूर देहात जिल्ह्यातील रानिया येथे ज्याच्या ढिगांनी भूजल पिवळे केले. हा क्रोमेट आयन ऋणभारित असतो, मातीचे चिकण कणही ऋणभारित; त्यामुळे त्याला धरून ठेवणारे तेथे कोणी नसते व तो पाण्याबरोबर थेट विहिरीत उतरतो.

शेणखताचे कार्य येथे सुरू होते. त्यातील ह्यूमस द्रव्ये आणि त्यांवर पोसलेले जीवाणू प्रत्येक क्रोमियम अणूस तीन इलेक्ट्रॉन देऊन षट्संयुजीचे त्रिसंयुजी करतात. धातू रतीभरही कमी होत नाही, त्याची वृत्ती तेवढी पालटते. हे क्षपण आम्ल मातीत झपाट्याने होते आणि अल्कता वाढेल तसे मंदावते. गंगेच्या गाळाची जमीन मुळातच अल्कधर्मी, तीत आणखी चुना घालणे म्हणजे खताच्या कामात खोडा घालणे होय. आणि हा नियम सर्व धातूंना सरसकट लावण्याचीही मुभा नाही, कारण पाणी साचलेल्या भातखाचरात हेच क्षपण लोहाची ऑक्साइडे विरघळवून त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे करते.

एकदा त्रिसंयुजी झालेले क्रोमियम पुन्हा उलटत नाही, असे रसायनवेत्ते दीर्घकाळ धरून चालले होते. १९७९ साली अमेरिकेतील व्हर्माँट येथील बार्टलेट आणि जेम्स या दोघा संशोधकांनी दाखवून दिले, की मातीतील मँगनीजची ऑक्साइडे ते उलटवितात. आणि पूर्वीच्या संशोधकांच्या नजरेतून हे निसटले त्याचे कारण असे, की त्यांनी प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे माती वाळवून, बरण्यांत साठवून मग तपासली होती, आणि वाळलेल्या मातीची ही शक्ती बव्हंशी लोपलेली असते. शेतातून आणलेली ओली माती घेताच ऑक्सिडीभवन दिसून आले. मृदारसायनात याहून अधिक मोलाचा धडा मला ठाऊक नाही. जिवंत शेताविषयीचा प्रश्न वाळलेल्या बरणीला विचारून चालत नाही.

या शोधाचा शेतकऱ्याला अर्थ एवढाच, की शेणखत एकदा घालून निभावत नाही. उत्तर भारताच्या उन्हात सेंद्रिय द्रव्य भराभर जळते, तेथील पुष्कळ शेतांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहूनही कमी आढळतो, आणि खताचा साठा सरला की मँगनीजला रान मोकळे मिळते. खताचा बंदोबस्त दर हंगामास करावा, आणि तोही उत्तम कुजलेल्या शेणखताचा. शहरी कचऱ्याचे खत घ्यायचे तर त्याचा तपासणीचा दाखला मागून घ्यावा, कारण केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशाने अशा खतात क्रोमियमची मर्यादा किलोस ५० मिलिग्रॅम ठरविली आहे, आणि तीहून अधिक असलेले खत हे औषध नव्हे, रोगच होय.

मात्र ज्या गावालगत क्रोमियमच्या गाळाचा ढीग उघडा पडला आहे आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यातून पिवळे पाणी झिरपते आहे, तेथील रयतेने प्रथम ढीग उचलण्याची मागणी लावून धरावी. तो उचलला जाईपर्यंत शेतात घातलेले खत पुरे पडणार नाही.