उपनगरांतील घरांसाठी सुगंधी आमरी : निवडीची शास्त्रीय बाजू

आमरी, म्हणजेच ऑर्किड, घरात लावण्याची हौस मुंबईच्या उपनगरांत आता चांगलीच रुजली आहे. फुलांनी बहरलेले रोप विकत आणावे, महिना-दोन महिने त्याने खोलीची शोभा वाढवावी आणि पुढे पाने हिरवीगार असूनही त्यास पुन्हा फूल म्हणून येऊ नये, हा अनुभव मात्र अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सार्वत्रिक आहे. अशा वेळी दोष बहुधा पाण्याला, खताला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो. वस्तुतः दोष संगोपनात नसून निवडीत असतो. आमरीच्या प्रत्येक जातीला फुलण्यासाठी एखादी विशिष्ट सूचना लागते. ती सूचना आपल्या हवामानात मिळतच नसेल, तर कितीही निगा राखली तरी ती व्यर्थ होय. म्हणून लहान चणीची, सुगंधी आणि थंडीवाचून फुलणारी आमरी निवडताना कोणते निकष लावावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आपल्या हवामानाकडे पाहू. सांताक्रूझ येथील वेधशाळेच्या नोंदींनुसार जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे १७ अंश सेल्सिअस, तर कमाल सुमारे ३१ अंश असते. मे महिन्यात हेच आकडे अनुक्रमे सुमारे २७ व ३३ होतात. २२ जानेवारी १९६२ रोजी याच ठिकाणी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, परंतु अशी रात्र हा अपवादच. तात्पर्य, उपनगरांतील हिवाळ्याच्या रात्री काहीशा गार असतात, दिवस मात्र उष्णच राहतात. हा भेद क्षुल्लक वाटला तरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो निर्णायक आहे.

बाजारात सर्वाधिक विकली जाणारी आमरी म्हणजे फॅलेनॉप्सिसचे मोठ्या फुलांचे संकर. यांतील बहुतेक गंधहीन असतात. त्यांना फुलदांडा येण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो हे पूर्वीपासून ज्ञात होते, आणि तो गारवा रात्रीचा असावा असा सर्वसाधारण समज होता. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे मॅथ्यू ब्लँचर्ड व एरिक रंकल यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजास धक्का दिला. दिवसाचे तापमान २९ अंश ठेवले असता, रात्र १७ अंशांपर्यंत गार करूनही फुलदांड्यांची निर्मिती दडपली गेली, असे त्यांना आढळले. म्हणजे निर्णय रात्र करीत नसून दिवस करतो. आपल्याकडील उन्हाळलेल्या जानेवारीस हा निष्कर्ष लावून पाहिला, की खिडकीशी ठेवलेली फॅलेनॉप्सिस रात्री गार असूनही का रुसते, याचा उलगडा होतो. त्याच घरातील सावलीच्या, वाऱ्याच्या खोलीत ती क्वचित फुलते, याचेही कारण हेच असणे संभवनीय आहे.

तापमानाचा प्रभाव सर्व जातींवर सारखा नसतो. डेंड्रोबियम क्रुमेनॅटम या आग्नेय आशियातील जातीस केवळ एका धक्क्याची गरज असते. वादळी पावसाने तापमान एकाएकी सुमारे ५ अंशांनी उतरले, की नवव्या दिवसाच्या सुमारास परिसरातील सारी झाडे एकदम फुलतात व त्यांची सुवासिक फुले एका दिवसातच कोमेजतात. याउलट डेंड्रोबियम नोबिले आणि मोठ्या फुलांचे सिंबिडियम यांना हिमालयाच्या उतारांवरील दीर्घ गारवा हवा असतो. सिक्कीम अथवा कालिंपोंग येथून हौसेने आणलेली अशी रोपे घाटकोपरच्या सज्जात पाने धरून जगतात, पण फुलत नाहीत. सबब पहिला निकष असा : जातीचे मूळ स्थान समुद्रसपाटीजवळचे व बारमाही उष्ण असावे.

या निकषास उतरणाऱ्या चार जातींचा येथे परिचय करून देतो.

पहिली फॅलेनॉप्सिस बेलिना. ही बोर्निओतील. पूर्वी तिला फॅलेनॉप्सिस व्हायोलेसियाचाच एक प्रकार मानीत. १९९५ साली एरिक क्रिस्टेन्सन यांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. रुंद, चकचकीत पानांचे हे रोप हातभर जागेत मावते. आखूड दांड्यावर एका वेळी एक-दोनच फुले येतात. परंतु तोच दांडा पुढे पुन्हा फुलत असल्याने तो हिरवा असेतोवर कापू नये. हिच्या सुवासात लिनॅलूल व जिरॅनिऑल ही द्रव्ये प्रमुख आहेत. यांपैकी जिरॅनिऑल हाच खानदेशच्या प्रसिद्ध रोशा तेलाचाही मुख्य घटक होय. त्यामुळे हा गंध मराठी वाचकास अगदीच परका वाटणार नाही. ऐन उन्हाळ्यात, मंद प्रकाशात व दमट हवेत ही फुलते. बाजारातील तिच्या भगिनींना जी उष्णता बाधते, तीच हिला मानवते. जानेवारीतील गार रात्री मात्र हिला उघड्या खिडकीपासून आत घ्यावे.

दुसरी ब्रासाव्होला नोडोसा. लिनीयस याने १७५३ साली वर्णिलेली ही जाती मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील झाडांवर व खडकांवर वाढते. खारा वारा व उष्णता यांची तिला सवय असल्याने ती मुंबईस अनुरूप ठरते. पाने जाड, दोऱ्यासारखी निमुळती व वीतभर लांबीची असतात. पांढऱ्या फुलांना दिवसा जवळजवळ गंध नसतो. अंधार पडताच तो दरवळू लागतो, कारण तिचे परागण निशाचर पतंगांकरवी होते. आपल्या रातराणीचाही क्रम असाच आहे. सकाळच्या लोकलने जाऊन दिवेलागणीनंतर परतणाऱ्या गृहस्थास हिच्याइतकी सोयीची आमरी दुसरी नाही. मात्र हिला भरपूर प्रकाश लागतो.

तिसरी ऱ्हिंकोस्टायलिस जायगँशिया. नाव विशालतेचे असले तरी रोप आटोपशीर असते. ब्रह्मदेश, थायलंड व इंडोचायना येथील सखल प्रदेशांतील ही जाती हिवाळ्यात फुलते. तेथील हिवाळा आपल्याहून थंड नसल्याने तिला निराळ्या गारव्याची आवश्यकता नाही. तिचे भरगच्च घोस खाली लोंबतात व दिवसा त्यांस गोड सुवास येतो. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत लावून खिडकीत टांगावी आणि तिच्या मुळांना वारंवार हात लावू नये.

चौथी मॅक्सिलारिया टेन्युइफोलिया. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील या जातीची पाने गवतासारखी असून तांबूस फुले पानांच्या बुडाशी दडलेली असतात. ती नजरेआड राहिली तरी नाकास कळतात, कारण त्यांचा वास ताज्या खोबऱ्यासारखा असतो.

या ठिकाणी एक इशारा देणे अगत्याचे आहे. ‘लहान’ आणि ‘सुगंधी’ ही दोन विशेषणे ज्यांना सर्वाधिक शोभतात, अशा अनेक आमरी थंडीच्याच असतात. जपानची निओफिनेशिया फाल्काटा हिला हिवाळी विश्रांती हवी असते. तर ऑन्सिडियम ट्विंकल या चिमुकल्या संकराचे जनक डोंगराळ, समशीतोष्ण प्रदेशातले आहेत. अशा वेळी उष्ण प्रदेशातील जातीशी झालेला संकर शोधावा. निओफिनेशिया व ऱ्हिंकोस्टायलिस सीलेस्टिस यांच्या संयोगातून झालेला ‘लू स्नीअरी’ हा संकर याचे चांगले उदाहरण होय. त्यास एका जनकाकडून गंध व दुसऱ्याकडून उष्णता सोसण्याची शक्ती लाभली आहे. विकत घेताना म्हणूनच फुलाचा रंग पाहण्याआधी रोपाच्या नावाची चिठ्ठी पाहावी. निनावी रोपाचे कुळ कळत नाही, आणि कुळ कळल्यावाचून त्याच्या गरजाही कळत नाहीत.

जातीखालोखाल महत्त्व खिडकीचे आहे. मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा साडेसत्तेचाळीस अंश उंच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन खोलवर येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि दक्षिणेची खिडकी थेट उन्हास मुकते. त्यातच पावसाळी ढगांची भर पडते. म्हणून ब्रासाव्होला व ऱ्हिंकोस्टायलिस यांना दक्षिण किंवा पूर्व खिडकी द्यावी. बेलिनास पूर्वेचे कोवळे ऊन पुरे. मॅक्सिलारियासही पूर्वेची खिडकी मानवते. पश्चिमेचे एप्रिल-मे महिन्यांतील ऊन कोणासही नको. या चारही जाती अपिवनस्पती आहेत. त्यांच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पाणी क्षणात शोषते, पण सतत ओले राहिल्यास कुजते. पावसाळ्यात म्हणूनच नारळाच्या शेंड्यांऐवजी कोळसा व विटांचे तुकडे वापरणे श्रेयस्कर.

घराजवळच्या रानात आमरी असताना परदेशी जातींचा एवढा विचार कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. आपल्या भागातील आमरींचा अभ्यास जुना आहे. ब्लॅटर व मॅक्कॅन यांची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१-३२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली, आणि सांतापाव व कपाडिया यांचा ग्रंथ १९६६ साली निघाला. सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, पावसाच्या तोंडावर फुलते तेव्हा तिची सर कोणास येणार? परंतु तिला मोकळा प्रकाश व वारा हवा असतो. बंद खोलीत ती झुरते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये राष्ट्रीय उद्यानातील वनस्पती काढण्यास मनाई आहे. बोरिवलीच्या उद्यानातून वा घाटातून उपटून आणलेले रोप म्हणजे रानाची कायमची हानी आणि घरातही बहुधा चार दिवसांची पाहुणी. रोपवाटिकेत वाढविलेल्या योग्य जातीची निवड केल्याने हा मोहही टळतो.

अखेरीस पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. ब्लँचर्ड व रंकल यांचे निष्कर्ष नियंत्रित कोठड्यांतील आहेत. आपल्या घरांतील दिवस व रात्री त्याहून चंचल असतात. एकाच संकराची, एकाच वयाची रोपे घेऊन ती समुद्राजवळची अंधेरी, डोंगराच्या दोन कुशींतील बोरिवली व मुलुंड आणि पूर्वेचे घाटकोपर येथील घरांत, काही सावलीच्या व काही उन्हाच्या खोल्यांत, ठेवावीत. डिसेंबर ते फेब्रुवारी रोपांजवळचे रोजचे कमाल व किमान तापमान आणि फुलदांडा प्रथम दिसल्याची तारीख एवढ्याच नोंदी कराव्यात. कमाल-किमान तापमापक, वही आणि नियमितपणा यांपलीकडे यास साधन लागत नाही. मुंबईचा हिवाळा आमरीच्या लेखी हिवाळा ठरतो किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदींतूनच मिळू शकेल.