उन्हाळ्यासाठी राखलेला बर्फ

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सुंड्सवाल शहरात हिवाळ्यात रस्ते आणि चौक मोकळे ठेवायचे तर बर्फ ट्रकमध्ये भरून कुठेतरी नेऊन टाकावाच लागतो. बर्फाळ मुलखातल्या नगरपालिका हा खर्च दरवर्षी मुकाट सोसतात, कारण त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे कचरा. सुंड्सवालने २००० साली तेच ट्रक प्रादेशिक रुग्णालयाशेजारच्या एका मोठ्या, उथळ खड्ड्याकडे वळवले. रुग्णालयाला उन्हाळ्यात वीज जाळून जो गारवा तयार करावा लागला असता, तो शहर हिवाळ्यात पदरचे पैसे मोजून फेकून देत होते. बर्फ आणि वाहतूक दोन्ही आधीच हाताशी असतील, तर प्रश्न उरतो तो फक्त बर्फ टिकवण्याचा. तो किती साध्या साधनांनी सुटतो, हे या प्रकल्पाचे खरे मोल आहे.

खड्ड्याचा तळ डांबराचा, पाणी न झिरपणारा. त्यात सुमारे ६०,००० घनमीटर बर्फ मावतो. ढिगावर लाकडाच्या ढलप्यांचा जेमतेम वीतभर थर अंथरतात. ढलप्यांमधली हवा बाहेरची उष्णता अडवते, हे उघडच आहे. पण त्याहून महत्त्वाचे काम ओलावा करतो: वितळलेले पाणी ढलप्यांतून वर शोषले जाते, पृष्ठभागावर उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठ गार राहतो त्याच तत्त्वाने बर्फाचा डोंगर उन्हाळा काढतो. तळाशी साचलेले थंड पाणी गाळून उष्णता-विनिमयकाकडे जाते, रुग्णालयाच्या नळ्यांतली उष्णता घेते आणि कोमट होऊन ढिगात परत येते. तिथे ते पुन्हा बर्फ वितळवते. रस्त्यावरून आलेली खडी आणि तेलही गाळणीतच अडते, एरवी ते नदी-समुद्रात गेले असते.

एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ युनिट उष्णता शोषतो. याचा अर्थ ९३ युनिट वीज वाचली असा मात्र नाही. चांगले शीतयंत्र एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता बाहेर काढते, म्हणून प्रत्यक्ष बचत पंचवीस-तीस युनिटांची धरावी. आक्षेप घेणारे इथेच बोट ठेवतात: एवढ्याशा लाभासाठी इतका जड माल कोण हलवणार? मुद्दा रास्त आहे. बर्फ लांब नेणे कधीच परवडणार नाही. पण तो शहराबाहेर न्यायचाच आहे, आणि वाटेवर उन्हाळ्यात गारवा लागणारी इमारत आहे, तर जास्तीचा वाहतूक खर्च नगण्य ठरतो. जपानमधल्या होक्काइदो बेटावर बिबाई इथे बर्फाच्या गारव्यावर तांदळाचे कोठार चालते. शेत, कोठार आणि बर्फ तिथे एकाच परिसरात आहेत, म्हणूनच ते जमते. जपानने २००२ मध्ये बर्फातल्या थंडीला कायद्याने नव्या ऊर्जास्रोतांत स्थान दिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हिवाळे उबदार होत चालले, तर बर्फ येणार कुठून? सुंड्सवालमध्ये कमी पडेल तेव्हा तोफांनी कृत्रिम बर्फ पाडतात. त्याला वीज लागते, हे खरे. पण गोठवण्याचे काम बाहेरची हवाच करते. वीज लागते ती पाणी दाबाने फवारायला. शून्याखालच्या चार रात्री मिळाल्या तरी ढीग वाढवता येतो. थंडीच उरली नाही, तर मात्र या पद्धतीकडे उत्तर नाही.