कपाशीच्या पाकिटातली रॉयल्टी

शेवगाव, पाथर्डी, नेवासा या अहिल्यानगरच्या पट्ट्यात खरिपाच्या तोंडावर शेतकरी कृषी सेवा केंद्रातून बीटी कपाशीचं पाकीट घेतो. बियाणं संकरित असल्याने दर वर्षी नवं घ्यावंच लागतं. या पाकिटाच्या किमतीतला एक हिस्सा बरीच वर्षं तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीकडे जात असे.

स्पर्धकाकडूनच परवाना

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली उभारलेली जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांनी १९९८ मध्ये निम्म्या भागीदारीत ‘महिको मोन्सॅन्टो बायोटेक’ काढली. बोंडअळीला मारणारं बीटी जनुक या कंपनीच्या हाती होतं, पण शेतकऱ्यांच्या पसंतीचे कितीतरी वाण महिकोच्या स्पर्धकांकडे होते. नागपूरची अंकुर, छत्रपती संभाजीनगरची अजित, तेलंगणातली नुझिवीडू यांनी मग परवाने घेतले. नुझिवीडूच्या २००४ च्या करारात आधी ५० लाख रुपये आणि पुढे प्रत्येक पाकिटामागे शुल्क ठरलं.

पेटंट नसतानाही वसुली

२००२ साली मंजूर झालेल्या पहिल्या बीटी जनुकाला भारतात पेटंटच नव्हतं. शुल्क निव्वळ करारावर चाले. सुमारे १,६०० रुपयांच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे १,२५० रुपये शुल्काचे असत. हे प्रमाण अन्यायाचंच होतं. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यावर २००६ मध्ये किंमत ७५० वर आली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला.

नुझिवीडूचा खटला

पेटंट होतं ते दुसऱ्या पिढीच्या बीजी-२ ला. राज्यांनी किमती बांधल्यावर नुझिवीडूने शुल्क कमी करून मागितलं आणि रक्कम थकली. २०१५ मध्ये करार रद्द होऊन भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. पुढच्याच वर्षी केंद्राने पाकीट ८०० रुपयांवर आणि शुल्क ४९ रुपयांवर आणलं. एप्रिल २०१८ मध्ये खंडपीठाने पेटंटच अवैध ठरवलं; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवलं. २०२१ साली दोघांनी तडजोड केली, तेव्हा पेटंटची मुदत संपून गेली होती.

मोबाईल आणि कपाशी, निकाल एकच

मोबाईलच्या धंद्यातही असाच स्पर्धकाकडून परवाना घ्यावा लागतो. ठरलेल्या मानकाशी जुळणारा फोन बनवायचा, तर एरिक्सनसारख्या कंपन्यांची पेटंट टाळता येत नाहीत. एरिक्सन अवाच्या सवा रॉयल्टी मागते, अशी तक्रार मायक्रोमॅक्सने २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाकडे केली. मोन्सॅन्टोविरुद्धही आयोगाने २०१६ मध्ये चौकशी लावली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणं एकत्र निकाली काढली: पेटंटच्या परवान्याचा प्रश्न पेटंट कायद्याखालीच सुटेल, आयोगाला त्यात अधिकार नाही.

माझ्या मते यात ग्राहकाची बाजू लंगडी पडते. उरतो तो पेटंट कायद्यातलाच मार्ग: त्याच्या कलम ८४ प्रमाणे वस्तू वाजवी किमतीत मिळत नसेल, तर पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर सक्तीचा परवाना मागता येतो. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी बायरच्या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला तो दिला. पुढे २०१८ मध्ये मोन्सॅन्टोही बायरच्याच मालकीची झाली.