ब्रह्मपुरीचा पोसायडन व मधूच्छिष्टविधान

कोल्हापुरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. तेथें १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा एक सांठा सांपडला, व १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या वतीनें ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनीं त्या जागीं उत्खनन केलें. सांठ्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक मूर्ति आहे. ती रोमन साम्राज्यांतून आलेली मानतात. तीवरून यवनांनीं आम्हांस ओतकाम शिकविलें असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस ग्राह्य नाहीं.

मूर्ति वीतभरही उंच नाहीं. ग्रीक व रोमन कारागीर अशा लहान मूर्ति बहुधा भरीव ओतीत. मेणाची प्रतिमा घडवून तीवर मातीचा लेप द्यावयाचा, तो तापवून मेण गाळावयाचें, व पोकळींत वितळलेला रस ओतावयाचा. रस थिजल्यावर सांचा फोडावा लागे. मोठे पुतळे मात्र पोकळ, व भागाभागांनीं ओतून जोडीत. जाड धातु निवतांना आकसून तडकतो, शिवाय कांसें महाग.

हीच कृति आपल्याकडे मधूच्छिष्टविधान होय. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मेण तोलून त्याच्या बारापट रुपें, सोळापट सोनें घ्यावें, असें प्रमाण दिलें आहे. ग्रंथ उत्तरकालीन खरा. परंतु १९२६ सालीं मोहेंजोदडो येथें मिळालेली नर्तकी याच रीतीनें ओतलेली असून ती अलेक्झांडरच्या स्वारीपूर्वी सुमारें दोन हजार वर्षांची आहे.

मग यवनांकडून आलें काय? तयार वस्तु आल्या, तसाच कच्चा धातुही आला. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत भडोचास उतरणाऱ्या मालांत तांबें, कथील व शिसें सांगितलें आहे. प्लिनी तर लिहितो कीं, हिंदुस्थानांत कांसें व शिसें नाहींत; तो देश रत्नें व मोतीं देऊन तीं घेतो. हें अतिशयोक्त आहे. राजस्थानांत खेतडीकडे तांब्याच्या खाणी प्राचीन आहेत. दुर्मिळ होतें तें कथील. अमरकोशांत तांब्यास ‘म्लेच्छमुख’ म्हटलें आहे खरें. पण त्याचा अर्थ म्लेच्छांच्या मुखासारखें तांबूस असाही लावतात, तेव्हां त्या एका शब्दावर आयातीची इमारत उभारूं नये.

ब्रह्मपुरीच्याच सांठ्यांत गजारूढ स्वारांची एक देशी घडणीची मूर्ति आहे. आम्ही नामपूरकर; आमच्याच नाशिक जिल्ह्यांत, त्रिरश्मि डोंगरावरील सतरावें लेणें धर्मदेवपुत्र इंद्राग्निदत्त या दात्तामित्रीच्या यवनानें करविलें, असा तेथें लेख आहे. त्याच्याही स्तंभशीर्षांवर हत्ती व त्यांवर स्वार आहेत, आणि घडण सर्वस्वी एतद्देशीय आहे.