निचऱ्याने खचणारी जमीन

पाणथळ जमिनीत चर काढून निचरा करावा, ही शिफारस आपल्या परिचयाची आहे. भारी काळ्या जमिनीसाठी ती योग्यच आहे. पीट जमिनीत मात्र हाच निचरा जमीन संपवतो.

पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ, गवत व पालापाचोळा. पाण्यामुळे हवा मिळत नाही, कुजण्याची क्रिया रखडते व कर्ब साठून राहतो. जगाच्या भूभागापैकी जेमतेम ३ टक्के क्षेत्र अशा जमिनीचे आहे. परंतु मातीतील एकूण कर्बापैकी सुमारे एक तृतीयांश कर्ब तिच्यात आहे.

इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यातील होम फेन येथे हे डोळ्यांनी पाहता येते. तेथील व्हिटल्सी मीअर हे मोठे तळे १८५१ मध्ये आटविण्यात आले. त्या सुमारास एक लोखंडी खांब खालच्या चिकणमातीपर्यंत पुरून त्याचे टोक जमिनीसरशी ठेवले होते. आज तो सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. खांब आहे तेथेच आहे, जमीन खाली गेली. प्रथम पाणी निघून गेल्याने माती दबली. पुढे हवा मिळताच जिवाणूंनी सेंद्रिय पदार्थ कुजवला व त्यातील कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडाला. शेणखताचा खड्डा कुजल्यावर खाली बसतो, तसेच हे; पण खड्डा पुन्हा भरता येतो. उन्हाळे कडक होत चालल्याने पाणीपातळी आणखी खाली जाते व कुजण्याचा वेग वाढतो.

मग पुन्हा पाणी भरावे काय? पाणी पृष्ठभागावर उभे राहिले, तर हवेविना जगणारे जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. म्हणून पाणीपातळी पृष्ठभागाच्या थोडी खाली राखणे हितावह ठरते. कायम गवताच्या कुरणात हे जमते. बटाटा व गाजरासारख्या पिकांत अवघड जाते. शिवाय निचरा केलेल्या पीटमध्ये नायट्रस ऑक्साइड सुटतो, नत्रखताने तो वाढतो, आणि तो तर सुमारे २७३ पट तापदायक आहे.

आपल्या बहुतेक जमिनी खनिज मातीच्या आहेत. तरीही भाजीपाला व फुलांच्या रोपवाटिकेत पीट मॉस वापरले जाते, ते अशाच दलदली खणून काढलेले असते. प्रोट्रेसाठी त्याऐवजी नारळाच्या काथ्याच्या भुशाचे कोकोपीट वापरावे. मात्र ते क्षार धुऊन काढलेलेच घ्यावे, अन्यथा रोपांच्या मुळ्या करपतात.