मेंदू, मन आणि झोप : डबीतले घटक एकेक करून



मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, स्मरणशक्तीसाठी कोणती कॅप्सूल घ्यावी? झोप लागत नाही, अश्वगंधा घेऊ का?" इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडून तेच. म्हणून आजचा भाग त्यावरच. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. तोफखान्यात आयुष्य गेलं, आता महूला राहतो. पण या विषयात मी स्वतः फसलो आहे आणि त्याची किंमत अजून पायाने मोजतो आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

निवृत्तीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी विसरायला लागलो. किल्ल्या, चष्मा हे तर चालायचंच. पण रेजिमेंटच्या स्नेहसंमेलनात माझाच जुना सुभेदार समोर उभा राहिला, ज्याच्याबरोबर दोन हिवाळे बर्फात काढले, आणि मला त्याचं नाव आठवेना. त्याने सलाम ठोकला, मी नुसता हसलो. घरी आल्यावर कोणाला काही बोललो नाही. लाज वाटली. रात्री फोनवर जाहिराती बघून ब्राह्मी, गिंको आणि फॉलिक ॲसिड असलेली एक 'ब्रेन कॅप्सूल' मागवली. मग झोपेसाठी दुसरी, मन उत्साही राहावं म्हणून तिसरी. असं चौदा महिने चाललं.

या काळात पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या. मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे 'साखरेचं असेल' म्हणून सोडून दिलं. शेवटी सौभाग्यवतींनीच सगळ्या डब्या एका पिशवीत भरल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही पिशवी घेऊन डॉक्टरांकडे चला, नाहीतर मी एकटी जाते." डॉक्टर फौजेतलेच, वयाने लहान. एकेक डबी टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं, "सर, हे सगळं घेताय, पण बी-१२ कधी तपासलंय?" तपासलं नव्हतं. रिपोर्ट आला ११८. साधारण २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात.

इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांत डोकं बरंच स्वच्छ झालं. पण पायाच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं की सगळं भरून येत नाही. चौदा महिने मी चुकीच्या ठिकाणी गोळे टाकत होतो.

आता घटक एकेक करून बघू.

बी-१२ जीवनसत्त्व. आपल्याला रोज लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण ते मिळतं मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच. भाजी, डाळ, धान्यात ते नसतं. म्हणून शाकाहारी माणसात कमतरता नेहमी सापडते. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली किंवा ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतली, तर अन्नातलं बी-१२ शरीरात नीट शोषलं जात नाही. वयानेही शोषण कमी होतं. लक्षणं कोणती? विसराळूपणा, उदासी, चिडचिड, थकवा, मुंग्या, चालताना तोल जाणं. सगळी 'म्हातारपण' म्हणून खपून जाणारी. आणखी एक खाच आहे. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर बी-१२ च्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसा आतून बिघडतच राहतात. माझ्या कॅप्सूलमध्ये नेमकं फॉलिक ॲसिड होतं, बी-१२ नव्हतं. म्हणजे ज्याची कमतरता आहे ते दिलं तर पूरक आहार खरंच काम करतो. पण कमतरता कसली आहे, हे रक्ततपासणी सांगते, जाहिरात सांगत नाही.

ब्राह्मी. इथे आधी नावाचा गोंधळ. आपल्याकडे अंगणात गोल पानांची जी वेल 'ब्राह्मी' म्हणून लावतात, ती बहुधा मंडूकपर्णी असते. संशोधन जास्त झालं ते बारीक मांसल पानांच्या जलब्राह्मीवर. लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने तिच्यावर बरंच काम केलं आहे. छोट्या चाचण्यांमध्ये रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे दिल्यावर आठवणीत थोडा फायदा दिसला. थोडा. आठ दिवसांत बुद्धी तल्लख होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. काहींना मळमळ आणि जुलाब होतात. आणि स्मृतिभ्रंश ब्राह्मीने बरा होतो, असा पुरावा नाही.

गिंको. यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. बहुतेक सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे असे तीन हजारांहून अधिक लोक, सुमारे सहा वर्षं, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम. २००८ साली निकाल आला : स्मृतिभ्रंश टळला नाही, लांबलाही नाही. वर, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. हृदयात स्टेंट बसवलेल्या माझ्या मित्रांनो, हे लक्षात ठेवा.

ओमेगा-३. बांगडा, तारली यांसारख्या माशांत चांगलं मिळतं. जवस आणि अक्रोडातही असतं, पण ते वेगळ्या रूपात. त्यातलं थोडंच मेंदूला लागणाऱ्या रूपात बदलतं. मनःस्थितीबद्दल म्हणाल, तर पन्नाशीच्या पुढच्या अठरा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सुमारे पाच वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा-३ देऊन पाहिलं. निराशेचा आजार टळला नाही. त्याच अभ्यासात ड जीवनसत्त्वाचंही तेच झालं. मासे खा, जवसाची चटणी खा. अन्न म्हणून ते उत्तमच आहे. पण उदासीवर औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

अश्वगंधा. महूहून नीमच फार लांब नाही. तिथल्या मंडीत या मुळांचे ढीग मी स्वतः पाहिले आहेत. छोट्या अभ्यासांत ताण कमी होणं आणि झोप सुधारणं, असा माफक फायदा दिसतो. पण 'वनस्पती आहे, काय अपाय होणार?' हा विचार चूक. यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. थायरॉइडचे आकडे वाढू शकतात, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी जास्त येऊ शकते. परंपरेने वापर मुळाचा. पानांचा वापर करू नका, असं आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना सांगितलं. डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. घ्यायचीच असेल तर मुळाची, ठरावीक दिवसांसाठी आणि डॉक्टरांना सांगून. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी बंद करून तपासणी करा.

मेलाटोनिन. हे मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून अंधार पडल्यावर स्रवतं. ते शरीराला 'रात्र झाली' एवढंच कळवतं, धरून झोपवत नाही. म्हणून विमानाने लांबच्या देशात गेल्यावर घड्याळ बसवायला ते उपयोगी पडतं. रोजच्या निद्रानाशात फायदा फार कमी, बहुधा काही मिनिटांचा. शिवाय डबीवरच्या आकड्याचा भरवसा नाही. कॅनडात २०१७ साली ३१ उत्पादनं तपासली. लेबलपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं. दारूगोळ्याच्या पेटीवर असा आकडा कोणी लिहिला असता तर कोर्ट मार्शल झालं असतं.

मॅग्नेशियम आणि जायफळ. झोपेसाठी मॅग्नेशियमचा पुरावा कमजोर आहे, आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते धोक्याचं. बाजरी, पालक, भोपळ्याच्या बिया यांत ते भरपूर असतं. आणि आजीचं दुधातलं जायफळ? चिमूटभर ठीक. 'जास्त घातलं तर जास्त झोप' म्हणून चमचाभर घालू नका. जास्त प्रमाणात जायफळ विषारी ठरतं, भ्रम होतो, छाती धडधडते.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा आता. निराशेच्या आजारावर डॉक्टरांची गोळी चालू असेल, तर 'मूड'साठीच्या डबीत सेंट जॉन्स वर्ट किंवा फाइव्ह-एचटीपी आहे का ते आधी बघा. दोन्ही एकत्र आल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आणि स्वतःच्या मनाने ती गोळी बंद करून डबी सुरू करणं, हे तर अजिबात नको.

डबी हातात घेतली की काय बघायचं? एक, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक. दोन, 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना. आरोग्यपूरकांवर ती छापावीच लागते. पुढच्या बाजूला मेंदूचं चित्र आणि मागे ही ओळ, दोन्ही एकदम वाचा म्हणजे अर्थ कळेल. तीन, प्रत्येक घटकाचं प्रमाण वेगळं लिहिलंय का. 'विशेष मिश्रण ५०० मिलिग्रॅम' एवढंच असेल, तर ठेवून द्या.

मग करायचं काय? आधी कारण शोधा. विसराळूपणा असेल तर बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि कान तपासा. हो, कान. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आहे. आम्हा तोपचींचे कान तर गेलेलेच असतात. मी यंत्र लावायला दोन वर्षं टाळाटाळ केली, आता लावतो. झोप नसेल तर घोरण्याकडे बघा, श्वास अडकतो का ते घरच्यांना विचारा. दुपारची झोप कमी, चहा चारनंतर बंद, उठण्याची वेळ रोज एकच. जुन्या निद्रानाशावर सवयी आणि विचार बदलण्याची जी उपचारपद्धती आहे, तीच अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली पहिला उपाय म्हणून सुचवली, गोळी नंतर. फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या १,२६० लोकांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूची कसरत आणि रक्तदाब-साखरेवर नजर असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत खरा फरक दिसला. हे सगळं कोणत्याही डबीत मावत नाही.

आणि मन दोन आठवड्यांहून जास्त काळ खचलेलं असेल, तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक आहे. फोन करण्यात कमीपणा नाही. मी सुभेदाराचं नाव विसरलो ते लपवलं, तीच माझी खरी चूक होती. त्याच दिवशी घरी बोललो असतो तर आज पाय चांगला असता.

त्या सुभेदाराला मी नंतर स्वतःहून फोन केला, नाव घेऊन. तो म्हणाला, "साब, मुझे लगा आप नाराज़ हैं." सगळं सांगितल्यावर त्याने विचारलं, "वो बारह नंबर वाला टेस्ट कहाँ होता है?" पुढच्या आठवड्यात त्याने करून घेतला.

तुम्हीही घरातल्या सगळ्या डब्या एका पिशवीत भरा आणि पुढच्या तपासणीला बरोबर न्या. एवढं एक काम या भागातून केलंत तरी पुष्कळ झालं. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.